रेप्लिका स्पोर्ट्स कार स्वतः बनवायची की तयार घ्यायची? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं वेड लागलं की माणूस आधी मूळ गाडीच्या मागे लागतो आणि मग आकडे बघून गप बसतो. एसी कोब्रा १९६२ पासून पाच-सहा वर्षांत सगळ्या मिळून हजाराच्या आसपास बनल्या, पोर्शे ५५० स्पायडर नव्वदेक, फेरारी २५० जीटीओ तर ३६च. ज्या उरल्यात त्या लिलावात आणि संग्रहात अडकल्यात, आणि समजा मिळालीच एखादी तरी ती ट्रॅफिकमध्ये काढायची छाती होणार नाही. म्हणून रेप्लिका, म्हणजे त्या गाडीची नव्याने बनवलेली नक्कल. आणि रेप्लिका म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, किट (सुट्या भागांचा संच) आणून स्वतः जोडायची का कोणीतरी बनवलेली सरळ विकत घ्यायची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्तात पडेल म्हणून बनवायला घेऊ नका, पडत नाही. सेकंडहँडमध्ये चांगली बनवलेली रेप्लिका बऱ्याचदा तिच्यात गेलेल्या सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा कमीत मिळते, आणि बनवणाऱ्याची मेहनत तर कोणी मोजतच नाही. त्यामुळे गाडी चालवायची हौस असेल तर तयार घ्या, पाना हातात धरायची हौस असेल तरच बनवा. दोन्ही हौशी असतील, किंवा कुठली आहे तेच कळत नसेल, तर खालच्या पायऱ्या क्रमाने करा, क्रम महत्त्वाचा आहे कारण लोक सहसा पायरी ५ पासून सुरू करतात आणि मग पायरी ३ ला अडकतात.

पायरी १: हौस नक्की कसली आहे ते तपासा

किट कंपन्यांची असेंब्ली मॅन्युअलं बऱ्याचदा फुकट डाऊनलोड करता येतात. एक मिळवा आणि त्यातलं ब्रेकच्या पाइपांचं आणि वायरिंगचं प्रकरण वाचा. इंजिन बसवायचं प्रकरण नाही वाचायचं, ते सगळ्यांनाच आवडतं. वाचताना "हा पाइप इथून का नेला असेल, पलीकडून नेला असता तर" असलं काही डोक्यात यायला लागलं तर तुम्ही बनवणाऱ्यांतले. आणि भराभर पानं उलटत शेवटचा रंगवलेल्या गाडीचा फोटो बघायला गेलात तर तयार गाडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मग वेळ. कंपनीच्या माहितीपत्रकात जे तास लिहिलेले असतात ते सगळी हत्यारं हाताशी असलेल्या, सगळे पार्ट बरोबर आलेल्या आणि ज्याने आधी एक गाडी जोडलीये अशा माणसाचे धरा. त्यात डोनर गाडीचे, म्हणजे जिचे भाग काढून वापरतात त्या जुन्या गाडीचे, पार्ट खरवडणं-धुणं नसतं, चुकीचा आलेला ब्रॅकेट बदलून येईपर्यंतचे आठवडे नसतात, आणि रंगकाम तर बहुतेक वेळा नसतंच. त्या आकड्याची दुप्पट धरलीत तर आशावादी म्हणेन मी तुम्हाला. अर्धवट सोडलेल्या किट विक्रीला एवढ्या का असतात तर मध्ये काहीतरी निघतं, दोन-चार महिने हात लागत नाही, परत आल्यावर कुठला बोल्ट कुठला ते आठवत नाही, मग आज नको पुढच्या रविवारी करत करत गाडीवर ताडपत्री पडते ती पडतेच. आठवड्याला सलग तीन-चार तास कुठल्या वारी, हे घरच्यांसमोर ठरवा. हवेत ठरवू नका.

पायरी २: कुठली गाडी, आणि ती कशावर उभी आहे

इथे जरा थांबायला हवं कारण सगळ्या रेप्लिका एका मापाच्या नसतात, एक बनवायला सोपी तर दुसरी डोक्याला ताप.

सगळ्यात जास्त किट मिळतात त्या कोब्राच्या. मूळ गाडी म्हणजे इंग्लंडच्या एसी कंपनीची 'एस' (Ace) नावाची गाडी, तिच्यात अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीने फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन बसवलं, आधी २६० क्युबिक इंचाचं, मग २८९ चं, आणि १९६५ ला जाड नळ्यांची नवी चासी (गाडीचा सांगाडा) देऊन ४२७ चं. आजच्या बहुतेक किट त्या ४२७ च्या फुगलेल्या मडगार्डांच्या असतात. (तेव्हाच्या रस्त्यावरच्या बऱ्याच ४२७ मध्ये प्रत्यक्षात ४२८ चं इंजिन होतं, त्यामुळे "ओरिजिनलला हेच होतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका.) कोब्राचा फायदा हा की इंजिन पुढे, चाकं मागची फिरतात, सगळं हाताला येतं, आणि आधी हीच गाडी बनवलेले लोक ढिगाने असल्यामुळे अडलं तर विचारायला माणूस मिळतो. अमेरिकेतली फॅक्टरी फाइव्ह १९९५ ला सुरू झाली ती याच कल्पनेवर, की एक जुनी मस्टँग घ्या, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक काढा आणि आमच्या चासीवर बसवा. याच्या उलट टोकाला सुपरफॉर्मन्स, दक्षिण आफ्रिकेत बनते, रंगवून फिनिश होऊन येते, फक्त इंजिन-गिअरबॉक्स तुम्ही बसवायचं.

पोर्शे ३५६ स्पीडस्टर ही १९५४ ची गाडी, तिच्या रेप्लिका बहुतेक करून फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर, म्हणजे तळाच्या पत्र्याच्या सांगाड्यावर. मेकॅनिकल काम यात सगळ्यात सोपं, एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटर नाही की पाण्याचे पाइप नाहीत. पण बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी आणि ३५६ चा २१००, म्हणजे मापात बसवायचं तर फ्लोअरपॅन फूटभर कापून परत वेल्ड करावा लागतो, आणि ते वेल्डिंग म्हणजेच गाडी. नवख्या वेल्डरचं काम नाही हे. शिवाय जुन्या पॅनला गंज, खास करून मागच्या सीटखाली बॅटरी असते त्या जागी.

लोटस सेव्हन १९५७ ची. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांवर लागायचा नाही म्हणून ती किट म्हणून खूप खपली. १९७३ ला हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती कंपनी आजही किट विकते, बाकी अनेकांनी आपापल्या पद्धतीने तोच आकार उचललाय. पार्ट कमी, बॉडीचा बराच भाग साध्या ॲल्युमिनियम पत्र्याचा, दारं-बोनेटचे गॅप जुळवायची कटकट जवळजवळ नाहीच. मला कोणी विचारलं की पहिलीच गाडी स्वतः बनवायचीये तर कुठली, तर मी डोळे झाकून हीच सांगतो.

जीटी४० पहिली गाडी म्हणून बनवू नका. दिसायला काळजात घुसते, १९६६ ते १९६९ सलग चार वेळा ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली, उंची फक्त ४० इंच. पण इंजिन मध्ये, ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स आणि ॲक्सल एकत्र) महाग, पाण्याचे पाइप पुढून मागे न्यायचे, आणि कुलिंगची दुखणी निस्तरता निस्तरता उन्हाळा जातो. हवीच असेल तर तयार घ्या.

फेरारींच्या नकला, म्हणजे जुन्या डॅटसन २४०झेडवर जीटीओची बॉडी वगैरे, हे वेगळं प्रकरण आहे. फेरारी कंपनी आपल्या आकाराबद्दल कोर्टात जाते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसाच्या फायबर किट विकणाऱ्याविरुद्ध फेरारीच्या बाजूने निकाल दिलेला आहे. तो निकाल किट विकणाऱ्यावर होता हे खरं, पण अशा किटची कंपनी उद्या बंद पडली तर पुढची काच आणि दाराची चौकट कुठून आणणार, हा विचार करा.

पायरी ३: कागद आधी, पार्ट नंतर

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक उड्या मारून पुढे जातात आणि मग गाडी बनून तयार, रस्त्यावर आणता येत नाही. प्रत्येक देशाचे, कधी कधी एकाच देशातल्या प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तुमच्या इथल्या रजिस्ट्रेशन ऑफिसला लेखी विचारा, की स्वतः जोडलेल्या गाडीचं पासिंग होतं का, होत असेल तर कुठल्या वर्षाची गाडी म्हणून, कुठले ब्रेक-लायटिंगचे नियम लागतात, आणि धूर कुठल्या वर्षाच्या नियमाने मोजणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग पडतो कारण त्यावरच तुम्ही कुठलं इंजिन घ्यायचं ते ठरतं. "नाही होत" असं उत्तर आलं तर बनवायचा विषय संपला, आणि त्याच ऑफिसला बाहेरून आणलेल्या तयार रेप्लिकेचं विचारा, तेही बऱ्याच ठिकाणी होत नाही.

नमुना म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये २००९ पासून एका-एका गाडीची आयव्हीए तपासणी असते, त्यात बाहेरच्या कडासुद्धा बघतात, ज्या कडेला माणसाचं अंग लागू शकतं तिथली गोलाई किमान २.५ मिमी हवी, म्हणून किटवाले तपासणीच्या दिवशी आरशांच्या नि नटांच्या कडांना रबर लावून येतात. गाडीचे भाग कुठून आले ते सिद्ध करता आलं नाही तर क्यू ने सुरू होणारा नंबर मिळतो, आणि विकताना तो नडतो. कॅलिफोर्नियात एसबी१०० नावाचा कायदा आहे, वर्षाला पहिल्या ५०० अर्जांनाच सवलत, त्यात धुराचा नियम गाडी ज्या जुन्या मॉडेलसारखी दिसते त्या वर्षाचा किंवा इंजिनच्या वर्षाचा लावून मिळतो. अमेरिकेत २०२२ पासून छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत तयार रेप्लिका विकायची वाटही मोकळी झालीये, अट अशी की मूळ मॉडेल किमान २५ वर्षं जुनं हवं.

या सगळ्यातून नवख्याने काय घ्यायचं तर प्रत्येक पार्टाचं बिल, डोनर गाडीचे मूळ कागद, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये. इंजिन नंबरचा आणि चासी नंबरचा जवळून काढलेला फोटोही. बनवणाऱ्याला पासिंगसाठी लागतात आणि घेणाऱ्याने तर त्या फाइलशिवाय पुढे बोलूच नये.

अजून एक. मूळ कंपनीचा बॅज चिकटवून ती मूळ गाडी असल्याचं भासवणं टाळा, आणि विकताना कागदावर "रेप्लिका" हा शब्द ठळक लिहा.

पायरी ४: बसून बघा

दहा मिनिटांचं काम आहे पण केल्याशिवाय एक रुपया कोणाला देऊ नका. कोब्राचा पाय ठेवायचा बोगदा अरुंद, इंजिन मागे सरकवलेलं असल्यामुळे पेडल एका बाजूला आलेले, पाय मोठे असतील तर ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटर दाबला जातो. सेव्हनमध्ये रुंद खांद्याच्या माणसाचा कोपर बाहेर. जीटी४० मध्ये उंच माणसाचं डोकं छताला. जे बूट घालून चालवणार तेच घालून बसा, आणि जोडीदारालाही बसवा. कोब्राला साइडचे सायलेन्सर असतील तर उतरताना पोटरी भाजते, तिथे उभं राहून एकदा उतरायची सवय करून बघा, हसू नका, ही गाडी असलेल्या प्रत्येकाच्या पायावर एक तरी डाग असतो.

पायरी ५: हिशोब

किटची जाहिरातीतली किंमत ही सुरुवात. साधारण वाटण्या अशा असतात: किट, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग चाकं-टायर-ब्रेक, मग रंगकाम, आणि मग "किरकोळ". नवखे रंगकामाला फसतात, चांगल्या पेंटरकडून फायबर बॉडी तयार करून रंगवून घेतली तर तो आकडा इंजिनच्या आकड्याला भिडतो, कधी वर जातो. आणि "किरकोळ" म्हणजे क्लॅम्प, होज, फिटिंग, ऑइल, सिलंट, बोल्ट, हत्यारं, भाड्याचा इंजिन-क्रेन, दोनदा मागवलेले पार्ट, कुरियर. एकूण अंदाज काढा आणि त्यावर चौथा हिस्सा अजून ठेवा, तो ठेवता येत नसेल तर बनवायला घेऊ नका कारण पैसे संपल्यावर थांबलेली गाडी ही थांबलेलीच राहते.

जागेचाही हिशोब करा. चासीला एका गाडीची जागा लागते, पण बॉडी उतरवून ठेवायला दुसऱ्या गाडीएवढी लागते, म्हणून लोक लाकडी सांगाड्याला चाकं लावून त्यावर बॉडी ठेवतात किंवा छताला टांगतात. पार्किंगच्या उघड्या शेडमध्ये हे होत नाही.

तयार गाडीत किंमत एकरकमी जाते हे खरं, पण ती आज कळते. विम्याचं दोन्हीकडे सारखंच, आधी फोन करून विचारा की रेप्लिका घेतात का, आणि ठरलेल्या किमतीचा विमा देतात का, नाहीतर नुकसान झाल्यावर कंपनी डोनर गाडीच्या वर्षाची किंमत हातावर ठेवते.

पायरी ६: बनवायचंच ठरलं तर

खोके आले की पहिलं काम जोडायचं नाही, मोजायचं. यादी घेऊन एकेक पिशवी तपासा, जे कमी आहे ते मुदतीच्या आत कंपनीला कळवा. पिशव्यांवर मार्करने लिहून ठेवा.

क्रम साधारण असा: चासीवर पुढचं-मागचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, पेडल, ब्रेक लाइन, इंधनाची टाकी आणि लाइन, इंजिन-गिअरबॉक्स, कुलिंग, वायरिंग, मग बॉडी न लावताच पहिलं स्टार्ट आणि जमलं तर बंद जागेत हळू चालवून बघणं. किटवाले याला गो-कार्ट म्हणतात, नुसती चासी, सीट आणि इंजिन. ही पायरी गाळू नका, कारण जी गळती किंवा जो चुकलेला पाइप आत्ता दहा मिनिटांत दुरुस्त होतो तोच बॉडी चढल्यावर अख्खा दिवस खातो. चालवायच्या आधी सीट पक्की बोल्ट केलेली, बेल्ट लावलेला आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

टॉर्क पाना वापरा आणि बोल्ट मापाला आवळला की त्यावर रंगाच्या पेनाने एक रेघ मारा, नटावरून थेट ब्रॅकेटवर जाईल अशी. दोन फायदे, कुठला आवळायचा राहिला ते लगेच दिसतं, आणि पुढे कधी नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर आवळल्यावर दोन आटे तरी बाहेर यायला हवेत.

ब्रेकमध्ये पुढचे आधी लॉक व्हायला हवेत, मागचे आधी लॉक झाले तर गाडी गरकन फिरते. या गाड्यांत एबीएस नसतं, ट्रॅक्शन कंट्रोल नसतं, कोब्रासारखीत तर वजन टनभर आणि मागे चांगली तीनशे-चारशे हॉर्सपॉवरची ढकल, तेव्हा बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) सेट करायचं काम अंदाजाने करू नका, ब्रेकचं काम आयुष्यात कधी केलं नसेल तर तेवढं एखाद्या जाणत्या मेकॅनिकला समोर उभं करून करा.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लोखंडी गाडीत बॉडी हीच अर्थिंग असते, फायबरमधून करंट जात नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक इंडिकेटरला, टाकीच्या फ्लोटला स्वतःची अर्थची वायर चासीपर्यंत द्यावी लागते, आणि चासीलाही तिथे पावडर कोटिंग खरवडून उघडं लोखंड दिसलं पाहिजे. डावा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मंद लुकलुकतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो, असले भुताटकीचे प्रकार दिसले की दहात आठ वेळा अर्थिंग. नवखे लोक फ्यूज बॉक्स बदलत बसतात.

जुन्या पद्धतीचं व्ही८, फ्लॅट टॅपेट कॅमवालं (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घेतलं असेल तर पहिलं स्टार्ट झालं की आयडलवर सोडायचं नाही, लगेच २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं ठेवायचं, नाहीतर नवा कॅम पहिल्याच दिवशी खाल्ला जातो. त्याआधी ऑइल प्रेशर चढवून घ्या, पाणी भरा, टायमिंग बघून घ्या, कारण ते चालू झाल्यावर थांबून विचार करायला वेळ नसतो. रोलर कॅमचं आधुनिक इंजिन असेल तर ही कटकट नाही.

आता बॉडी, आणि खरी माणसं इथे गळतात. साच्यातून आलेलं दार चौकटीत बसवलं तर वरच्या कोपऱ्यात गॅप तीन मिमी, खाली सात, मध्ये कुठेतरी घासतंय. आधी रबर बीडिंग लावून घ्यायचं, कारण रबर दाराला बाहेर ढकलतं आणि रबराशिवाय जुळवलेला गॅप रबर लावल्यावर बिघडतो. मग बिजागरीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करायच्या. मग चार मिमीची एक पट्टी घेऊन ती गॅपमधून सरकवत न्यायची, अडते तिथे पेन्सिलची खूण, पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेवढंच घासायचं, परत पट्टी. जिथे ढिली पडते तिथे कडेला रेझिन आणि फायबर चढवायचं, सुकू द्यायचं, परत घासायचं. एका दारात एक आख्खा शनिवार-रविवार गेला तर काही बिघडलं नाही असं समजा. दोन दारं, बोनेट आणि डिकी. फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला वाईट, चांगला मास्क लावा, रुमाल नाही चालत.

रंगाची घाई करू नका. नवी फायबर बॉडी आतल्या आत मुरत असते, काही आठवडे उन्हात ठेवून मग रंगवलेली बरी, नाहीतर वर्षभराने रंगातून कापडाची वीण दिसायला लागते आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ती उठून दिसते. घासणं तुम्ही करा, फवारा पेंटरला मारू द्या, हा मला पटणारा मधला मार्ग.

पायरी ७: तयार घ्यायची ठरली तर

दोन रेप्लिका एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या असल्या तरी त्या दोन वेगळ्या माणसांनी बनवलेल्या आहेत, त्यामुळे तुम्ही गाडी तपासत नसता, बनवणारा माणूस तपासत असता. त्याच्याशी किंवा आत्ताच्या मालकाशी तासभर गप्पा मारा. "ब्रेक लाइनचं मटेरियल काय वापरलं", "अलाइनमेंटचे आकडे काय ठेवलेत" असं विचारा, ज्याने मन लावून बनवलीये तो थांबायचं नाव घेणार नाही, आणि जो "सगळं एकदम ओके आहे" म्हणून विषय बदलतो त्याच्या गाडीखाली जास्त वेळ झोपा.

कागदावर कुठलं वर्ष आणि कुठली गाडी लिहिलीये ते बघा. कागदावर १९६५ ची कोब्रा लिहिलं असेल आणि गाडी पंधरा वर्षांपूर्वीची किट असेल तर तिथेच थांबा, ती भानगड उद्या तुमच्या गळ्यात येईल. चासी नंबर कागदाशी स्वतः जुळवा.

गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा, बोनेटवर हात ठेवून बघा आधीच तापवून ठेवली नाहीये ना. खाली झोपून वेल्ड बघा, एकसारखी लहर हवी. बोल्टांवर रंगाच्या रेघा दिसल्या तर मनातल्या मनात दोन मार्क द्या. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून ब्रेकचा होज टायरला घासतोय का ते दोन्हीकडे बघा. जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) चांदणीसारख्या तडा बिजागरीजवळ आणि डिकीच्या कोपऱ्यांत शोधा, एखाददुसरी चालते, झुबका असेल तर आतलं फायबर हललंय. सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर एकाच वेळी चालू करा, अर्थिंगचं भूत असेल तर लगेच बाहेर येतं.

टायरच्या बाजूला तारखेचा चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. या गाड्या फार चालत नाहीत, नक्षी नव्यासारखी आणि रबर दगड झालेलं, आणि चारशे हॉर्सपॉवर त्या दगडावर. जुने निघाले तर चारही टायर किमतीतून वजा करून मागा. इंधनाचे रबरी होजही वयाने तडकतात.

चालवताना मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा, गाडी सरळ थांबली पाहिजे. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला झटका देत असेल तर सस्पेन्शनची भूमिती चुकलीये, दरवेळी स्वस्तात सुधारत नाही ते.

मधल्या वाटा

एक, रंगवलेली, वायरिंग झालेली गाडी घ्यायची आणि इंजिन-गिअरबॉक्स आपण बसवायचं किंवा बसवून घ्यायचं. महाग जाते पण हाताला काळं लागल्याचं समाधान मिळतं आणि फायबर घासावं लागत नाही. बरेच लोक इथेच खूश होतात.

दुसरी, कोणीतरी अर्धवट सोडलेली किट. किमतीला मोह पडतो, पण नवख्याने जपून. "ऐंशी टक्के झालीये" म्हणजे बहुतेक वेळा वायरिंग, गॅप आणि रंग बाकी आहे, म्हणजे कष्टाचा अर्ध्याहून जास्त भाग बाकी आहे. घेतलीच तर कंपनी अजून चालू आहे का आणि दुसऱ्या मालकाला पार्ट व मदत देते का ते लेखी विचारा, मूळ यादी आणि मॅन्युअल मागा, डोनरचे कागद मागा, ते नसतील तर पुढे जाऊ नका. आणि आधीच्या माणसाने केलेलं ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम, ते कितीही चकचकीत दिसलं तरी, उघडून परत स्वतः आवळा.

पहिले काही शे किलोमीटर

बनवलेली असो की घेतलेली, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर गाडी वर उचला आणि चाकांचे नट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट परत टॉर्क पान्याने तपासा, पाचशेला परत. बॉडी, सीट, भरलेली टाकी आणि तुमच्या वजनाएवढं ओझं सीटवर ठेवून अलाइनमेंट करून घ्या, नुसत्या चासीवर केलेल्याचा उपयोग नाही. ओल्या रस्त्यावर पहिले काही महिने पाय अगदी हलका ठेवा. गाडीत पाने, फ्यूज, थोडी वायर, होज क्लॅम्प आणि टॉर्च ठेवा, आणि पहिल्या लांबच्या फेरीला मागून दुसरी गाडी घेऊन कोणालातरी यायला सांगा.